काळ्याखालचा माणूस

"काळा म्हणजे कसा, ताई, हात घातला तर कोपरापर्यंत दिसायचा नाही, असा," शिरीष माने म्हणाला आणि त्यानं खरोखरच आपला हात माझ्या टेबलाखालच्या अंधारात घालून दाखवला.

"आमच्याकडं छापायची मशीन आहे," मी म्हणाले. "हात घालायची नाही."

तो हसला नाही. पिशवीतून त्यानं एक जुना फोटो काढला आणि माझ्यासमोर ठेवला. सर्कशीच्या तंबूचं छत, वर सगळा अंधार. त्या अंधारात एक बाई हवेत. हातात झुला नाही, पायाखाली काही नाही, दोन्ही हात पुढं. तिच्या समोर दुसऱ्या झुल्याला गुडघ्यांनी लटकलेला एक माणूस, डोकं खाली, अंगात पांढरे घट्ट कपडे. तोही तिच्याकडं हात पसरून. दोघांच्या बोटांमध्ये वीतभर जागा.

"ही आमची आत्या. यमुना माने. सर्कशीत मिस यमुना म्हणायचे," शिरीष म्हणाला. "सत्तरी झाली. आम्ही सत्कार ठेवलाय, त्याची स्मरणिका काढायची. मुखपृष्ठावर हा फोटो."

"छान आहे."

"आत्या तेवढी ठेवायची. समोरचा माणूस काळ्यात घालवायचा."

"का?"

"आत्याच म्हणाली, काढ त्याला." असं म्हणून त्यानं मोबाइल काढला आणि उगाच त्यात बघत बसला.

आत्याचं नाव पुढं करून भाचा आपली लाज झाकतोय हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. बिनलग्नाची बाई, वर्षानुवर्षं तंबूतला मुक्काम, आणि तिच्याकडं हात पसरलेला परका पुरुष. शिवाय शिरीषच्या मुलीचं कुठंतरी जमत होतं. आदल्याच आठवड्यात तो आमच्याकडं लग्नपत्रिकांचे नमुने बघून गेला होता. मी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या दिल्या आणि तोंडानं म्हणाले, "होईल."

मी तेव्हा सांगलीत वखारभागातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर बसत होते. पानं लावायची, फोटो साफ करायचे, चार रंगांच्या फिल्म काढून आणायच्या, हे माझं काम. वय चाळिशीपलीकडं. लग्न राहून गेलं होतं, आई आदल्या वर्षी गेली होती. संध्याकाळी घरी गेलं की कुलूप मीच लावलेलं आणि उघडायचंही मीच. छापखान्यात बाई मी एकटी. दुपारी बाकीचे मशीनपाशी वर्तमानपत्र पसरून गोल बसून जेवायचे, मी कॉम्प्युटरसमोर. तिकडं येऊ नका असं मला कुणी म्हटलं नव्हतं. या, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

काळ्याची मात्र मला चांगली ओळख होती. लोकांना वाटतं, काळा म्हणजे सगळ्यात सोपा रंग, डबा उघडला आणि छापला. तसं नसतं. एकटा काळा कागदावर मोठ्या जागेत छापला की तो काळा दिसतच नाही. जुन्या छत्रीसारखा विटका दिसतो. त्याच्याखाली निळा, मॅजेंटा आणि पिवळा घालावा लागतो, बेतानं. जास्त झाला तर शाई वाळत नाही आणि एका कागदाची दुसऱ्याच्या पाठीला लागते. बेत जमला तर मग तो काळा असा पडतो की बघणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. मला तो जमायचा.

फोटो तसा काळापांढराच होता, पण मुखपृष्ठ चार रंगांत होतं, म्हणून मी तो चारी रंगांत बांधला. तंबूतल्या अंधाराखाली तीनही रंग भरले. मग त्या माणसावर मी नेहमीच्या रीतीनं काळा तुकडा टाकला. आमच्या धंद्यात फोटो सहसा कापत नाहीत, वरून झाकतात. गिऱ्हाइकाचं मन कधी फिरेल सांगता येत नाही. आज काढा म्हणतो, उद्या परत आणा म्हणतो. तुकडा उचलला की माणूस जागच्या जागी. पडद्यावर सगळं एकसारखं काळं दिसलं. फिल्म आल्या, प्लेटी झाल्या, काम मशीनवर चढलं.

मशीन दस्तगीर चालवायचा. मिरजेचा, वयानं माझ्याएवढाच, कामात पक्का आणि तोंडानं फाटका. चार रंग जुळवून त्यानं नमुन्याचे काही कागद काढले आणि त्यातला एक मला आणून दिला.

"बघा माणिकताई, कसला काळा पडलाय. म्हशीच्या पाठीगत."

ट्यूबलाइटच्या उजेडात खरोखरच सुरेख दिसत होता. पूर्ण अंधार आणि त्यात हात पुढं केलेली एकटी बाई. मालकांनी लांबूनच बघून मान हलवली. गिऱ्हाइकाची सही झाली की छपाई सुरू करायची, असं ठरलं. जेवणाची सुट्टी झाली. मी डबा उघडला आणि तो कागद खिडकीच्या उजेडात टेकवून ठेवला.

पहिला घास घेतला आणि मला तो दिसला.

सरळ बघताना नव्हता. कागद जरा तिरका पडला होता आणि खिडकीचा उजेड त्याच्यावरून घसरत होता. त्या उजेडात, काळ्याच्या आत, तो माणूस लटकलेला होता. राखेच्या रंगाचा. डोकं खाली, गुडघे झुल्यात अडकवलेले, दोन्ही हात बाईकडं पसरलेले. कागद सरळ केला की गेला. तिरका केला की आला.

काय झालं होतं ते मला लगेच कळलं. माझा काळा तुकडा खालचं काही न खोडता नुसता वरून छापला गेला होता. पडद्यावर हा फरक दिसत नाही, आणि फिल्म मी निरखून बघितल्या नव्हत्या. तंबूच्या अंधाराखाली तीन रंग होते, तिथं काळा खोल पडला. त्या माणसाच्या पांढऱ्या कपड्यांखाली रंगच नव्हता. तिथं काळा एकटा पडला, आणि एकटा पडला म्हणून त्यानं त्याला उघडं पाडलं.

अशी चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याची हजेरी घेतली असती. पण मला राग आला नाही. उलट मजा वाटली. घ्या म्हटलं, शिरीषराव, काढा आता त्याला. मग मजा ओसरली तरी मी कागद बाजूला ठेवला नाही. तो समोर ठेवून मी सगळा डबा संपवला. खरं सांगायचं तर मला सोबत झाली. आई गेल्यापासून मी जेवताना कुणाकडं बघितलं नव्हतं.

सुट्टी संपल्यावर मी दस्तगीरला बोलावून कागद तिरका करून दाखवला.

"आयला!" तो दोन पावलं मागं सरला. "ह्यो कोण?"

"ज्याला काढायचा होता तो."

"मग काढायला पायजे की."

"राहू दे. सरळ बघितलं तर कुणाला दिसतोय?"

"मालकास्नी दिसंल."

"मालक कधी कागद तिरका करतात?"

दस्तगीरनं माझ्याकडं नीट बघितलं. एवढ्या वर्षांत अक्षराचा टवका उडाला तरी मी मशीन थांबवली होती, हे त्याला ठाऊक होतं. "ताई, चूक ती चूक," तो म्हणाला. "पन तुमी म्हंताय तर ऱ्हाऊ द्या. सही हुईस्तवर मी काय बोलत न्हाई."

सही करायला शिरीष आला तो आत्याला घेऊनच. मी कुणीतरी धिप्पाड बाई डोळ्यांपुढं आणली होती. आली ती माझ्या खांद्याला लागेल एवढी. एका पायानं लंगडत, काठी टेकत, पण पाठ ताठ. मनगटं मात्र गड्यासारखी रुंद होती. मालकांनी शिरीषला चहाला आपल्या खोलीत नेलं. आत्या म्हणाल्या, मला तिथं पंखा सोसत नाही, मी हितंच बसते. मी त्यांना खिडकीपाशी खुर्ची दिली आणि मुखपृष्ठ हातात दिलं.

त्यांनी ते हातभर लांब धरलं. "ही मी व्हय? मला वाटायचं, उडताना मी लई देखणी दिसत असंन. ही तर आ वासून बसलीया."

"मावशी, चांगल्या दिसताय."

"ऱ्हाऊ दे. पैलवानाला कुनी देखना म्हनतंय का?" त्या हसल्या. काळ्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "काळा झ्याक झालाय गं. तंबूत वर बघितलं की असाच दिसायचा."

मला राहवलं नाही. मालकांच्या खोलीचं दार लोटलेलं आहे हे बघून मी त्यांच्याजवळ वाकले. "मावशी, एक दाखवते. भाच्याला मात्र सांगू नका."

त्यांच्या हातातला कागद मी हळूच खिडकीकडं कलता केला.

त्या हसतील असं मला वाटलं होतं. निदान डोळ्यांत पाणी तरी येईल. खोटं कशाला सांगू, आता ही बाई आपल्याला पोटाशी धरणार, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ह्यो कसा ऱ्हायला?"

"आपोआप राहिला. छपाईतली चूक आहे. मग मी म्हटलं, असू दे. तुमच्यासाठी."

"कुनी सांगितलं तुला?" आवाज मोठा नव्हता, पण मी सरळ उभी राहिले. "मी शिरीषला म्हटलंवतं, त्येला काढ. मी. माझ्या तोंडानं."

"मला वाटलं, शिरीषनी…"

"त्येला काय कळतंय? त्यो तर म्हनत हुता, आत्या, जोडी ऱ्हाऊ दे, फोटो भारी हाय."

मशीनपाशी दस्तगीर पुसलेलाच रूळ पुन्हा पुसत होता. आत्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि पुन्हा त्याच कोनात कलता केला. "बस हितं," त्या म्हणाल्या. मी स्टूल ओढून बसले.

"त्येचं हात बघ."

"बघतेय. तुमच्याकडं पसरलेत."

"उजवा बघ. कोपरात वाकलाय. तुला न्हाई कळायचं. सर्कशीतल्या मान्साला एका नदरंत कळतंय. झेलनाऱ्याचा हात हितं असा सरळ पायजे, काठीवानी. वाकला म्हंजी त्यो पोचनार न्हाई."

"मग पोचला नाही?"

"न्हाई."

त्यांनी ते एवढं साधेपणानं सांगितलं की मला आधी कळलंच नाही. मग माझं लक्ष त्यांच्या काठीकडं गेलं.

"हा त्या दिवशीचा फोटो आहे?"

"त्याच उडीचा. पेपरवाला खाली हुता. हितनं फुडं मी जाळीच्या कडंला आपाटले. कंबार गेली, सर्कस गेली. लई दिसांनी त्या पेपरवाल्यानं फोटो धाडला. उडतानाचा माझा दुसरा एक फोटो न्हाई. म्हनून ह्यो."

"आणि हे?"

"नानू. तिकडं लांब केरळातला. त्येचा खांदा गेलावता. वरीसभर दुखत हुता, पर मालकाला कळलं तर खाली उतरवतील म्हनून त्यो बोलला न्हाई. मला ठावं हुतं. झेलनाऱ्याच्या हाताचं उडनाऱ्याला कळतंयच."

"ठाऊक असून तुम्ही उडत राहिलात?"

"त्येला उतरवला असता तर दुसऱ्याकडं उडावं लागलं असतं." त्या काळ्याकडं बघत होत्या. "माझ्या मनाला ते पटलं न्हाई."

खूप वर्षं बोलायची सवय नसलेल्या माणसासारख्या त्या थांबत थांबत बोलत होत्या.

"दवाखान्याच्या दारापातुर आला हुता म्हनं. आत आला न्हाई. तसाच गावाकडं निघून गेला. त्यानं बी पुन्यांदा झुल्याला हात लावला न्हाई. तिकडनं येनारी मान्सं सांगत्यात, कुनाशी बोलत न्हाई, लग्न न्हाई, काय न्हाई. एकदा एकाला म्हनला, ह्या हातानं मी तिला मारली."

"तुम्ही पत्र नाही पाठवलं? तुमचा दोष नाही म्हणून?"

"धाडलं की. किती धाडली. दोष न्हाई म्हटलं की त्येला जास्तच लागतंय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आता शिरीषनं समद्या जुन्या मान्सांस्नी बोलावलंय. नानू येतो म्हनलाय. पयल्यांदाच. दारातच त्येच्या हातात ह्ये पुस्तक देनार तुमी. त्येनं काय बघायचं? सोताचा वाकडा हात?"

आता मला सगळं कळलं, आणि त्याबरोबर दुसरंही कळलं. "पण मावशी, त्यांना तो फोटो माहीत असेल ना?"

"बघितलाय त्येनं. पेपरात छापून आलावता."

"मग आपल्याला यातून काढलंय, हेही त्यांना कळेल. तुम्ही एकट्याच हवेत. त्यांना वाटेल, तुम्ही त्यांना पुसून टाकलंत."

"वाटू दे."

"ते तुमच्यावर रागावतील."

"रागवू दे की माझ्यावर!" त्या एकदम म्हणाल्या. "इतकी वर्सं सोताच्या हातावर रागावून बसलाय. आता जरा माझ्यावर रागवंल. तेवढाच इसावा त्येला."

"आणि तुम्हाला?"

"मला पडायची सवं हाय," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात दिला. "कर पोरी. पार काळं कर."

मी मालकांच्या खोलीत जाऊन माझी चूक सांगितली. ते शिरीषच्या देखत मला वाट्टेल ते बोलले, आणि आत्या बाहेर खुर्चीवर बसून ऐकत होत्या. शिरीष म्हणत राहिला की त्याला काहीच दिसत नाही, असंच छापा. मी ऐकलं नाही. या वेळी तुकडा नुसता वर टाकला नाही. खालचा माणूस कापून काढला. झुल्यात अडकलेले गुडघे, छाती, मान, दोन्ही हात. उजव्या कोपरापाशी मला थोडा वेळ लागला. त्या रिकाम्या जागेत मी निळा भरला, मॅजेंटा भरला, पिवळा भरला, बाजूच्या अंधाराशी कड जुळवली आणि मग वर काळा घातला. फिल्म नव्या, प्लेटी नव्या. फिल्म या वेळी एकेक करून उजेडाला धरून बघितल्या.

दस्तगीर कुरकुरला, "एवढी शाई कागदानं प्यायची कशी?" पण कागदांचे छोटे छोटे गठ्ठे करून त्यानं ते पसरून वाळवले, कुणाला हात लावू दिला नाही.

वाळलेला पहिला कागद मी खिडकीपाशी नेला. सरळ धरला, तिरका धरला, उलटा धरला. काळा तळ नसल्यासारखा खोल होता. त्यात कुणी नव्हतं. एवढा चांगला काळा मी त्याआधी छापला नव्हता आणि नंतरही नाही. मला रडू आलं. ज्या माणसाला मी कधी भेटले नव्हते, तो माझ्या हातानं गेला, असं वाटत राहिलं.

सत्कार एका शाळेच्या सभागृहात होता. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण पुस्तकांचे गठ्ठे पोचवायला मी स्वतः गेले आणि दारातल्या टेबलापाशी उभी राहून वाटायलाही लागले. आत्या व्यासपीठावर बसल्या होत्या. जुनी सर्कशीतली माणसं येत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. त्यांच्यामागं तो एकटा आला. उंच, वाळलेला, पांढरी लुंगी, पांढरा सदरा. उजवा खांदा खाली उतरलेला. नाव विचारायची गरज नव्हती.

मी पुस्तक पुढं केलं. त्यानं ते घेतलं आणि दारातच उभा राहून बघू लागला. मागची माणसं त्याच्या बाजूनं आत जाऊ लागली.

"इदर एक आदमी था," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"हां," मी म्हणाले.

"किसने निकाला?"

मला किती सोपं होतं. भाच्यानं काढला म्हणायचं, नाहीतर छापखान्याची चूक म्हणायचं. चुका सांगायला आमच्याकडं कमी नव्हत्या. नाहीतर खरं काय ते सगळं सांगून टाकायचं, म्हणजे तो धावत तिच्याकडं गेला असता आणि आम्ही सगळे रडलो असतो. तो माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत मला ते दिसत होतं, की मी यातलं काहीतरी म्हणावं.

"उन्होंने," मी म्हणाले. "यमुनाबाईने खुद बोला."

त्यानं मान वर करून व्यासपीठाकडं बघितलं. तिथून आत्याही दाराकडंच बघत होत्या. त्याचा जबडा घट्ट झाला, मानेच्या शिरा वर आल्या. त्यानं पुस्तक टेबलावर असं आपटलं की वरचे दोन गठ्ठे घसरून खाली पडले. मग तो वळला आणि शाळेच्या मैदानातून ताडताड चालत फाटकाबाहेर गेला. एकदाही मागं बघितलं नाही.

भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. माणसं जेवायला उठली तेव्हा मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढून गेले. गळ्यात झेंडूचा जाड हार घालून आत्या बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट पकडलं. त्या वयातही ती पकड सुटणारी नव्हती.

"बघितलं त्येनं?"

"हो."

"तू काय म्हनलीस?"

"तुम्हीच काढायला सांगितलं म्हणाले."

"मग?"

"रागावले, मावशी. पुस्तक आपटून गेले."

"माझ्यावर?"

"तुमच्यावरच."

त्यांनी डोळे मिटले. "लई बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मग गळ्यातला हार दोन्ही हातांनी तोंडाशी दाबून रडायला लागल्या. शिरीष जेवणाच्या रांगेतून धावत आला. सत्कारानं आत्याला भरून आलंय, असं तो सगळ्यांना सांगत होता, आणि कुणीतरी पाणी आणायला गेलं.